तपासणीपुरती नर्स

मी अमेरिकेत डॉक्टर आहे एवढंच नातेवाइकांना ठाऊक होतं, आणि मीही त्यांना त्याहून जास्त काही कळू दिलं नाही. नागपूरला आई शेजारणींना सांगायची, तिकडची हॉस्पिटलं म्हणे हॉटेलांसारखी असतात. असतीलही. ऐंशीच्या दशकातली बरीचशी वर्षं मी ज्यात काढली ते न्यू जर्सीतलं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, सरकारी हॉस्पिटल होतं. तिथली फरशी आमच्या मेडिकल कॉलेजातल्या वॉर्डांपेक्षा स्वच्छ होती, एवढं सोडलं तर घर सोडून फार लांब आल्यासारखं मला कधी वाटलं नाही.

गाव नदीकाठचं, जुनं. अमेरिका नावाचा देश होण्याच्याही आधी इंग्रजांनी वसवलेलं. त्याचा गावाला भारी तोरा. रस्त्यांना राजाराणींची नावं, कोर्टापुढे एक गंजकी तोफ. बडी मंडळी ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात आपले पूर्वज कोणत्या जहाजातून आले ते सांगायची. हॉस्पिटलचं मूळही त्याच काळातलं. इंग्रज राजाच्या अमलात तिथे गोरगरिबांना ठेवायचा गरीबखाना होता, त्याचंच वाढत वाढत हॉस्पिटल झालं. दारावर तशी पितळी पाटी होती. ती रोज घासून लखलखीत ठेवायला एक स्वतंत्र माणूस नेमलेला होता. माझ्या वॉर्डाला तेवढाही माणूस मिळत नसे.

साहेबाचं राज्य संपल्यावर जन्मलेली मी. साहेबाचा कारभार कसा चालतो ते मला इथे येऊन शिकावं लागलं. सगळ्यात वर बोर्ड. त्यात एक वकील, एक बँकवाला, एक फर्निचरच्या दुकानाचा मालक आणि अंत्यविधीचा धंदा असलेला एक गृहस्थ. हॉस्पिटलच्या प्रगतीत त्या शेवटच्याला फारसा रस दिसत नसे, आणि ते एका परीनं समजण्यासारखं होतं. बोर्डावरचा एकही माणूस, त्याची बायको, त्याचं मूल कधी आमच्याकडे उपचाराला आलं नाही. त्यांच्यासाठी नदीपलीकडे खासगी हॉस्पिटल होतं. बोर्डाच्या खाली विभागप्रमुख. ही गावातल्या प्रॅक्टिसवाली गोरी डॉक्टरमंडळी आठवड्यातून एकदा यायची, खिशावर नाव भरलेला कोट घालून वॉर्डातून एक फेरी मारायची, ‘एक्सलंट, एक्सलंट’ म्हणायची आणि जेवायच्या आधी निघून जायची. आणि त्यांच्याही खाली आम्ही. भारतातले, पाकिस्तानातले, फिलिपिन्समधले, कोरियातले डॉक्टर, जे प्रत्यक्षात पेशंट तपासत. या देशात कुणाला नको असलेल्या नोकऱ्या आम्हाला फार सन्मानानं देण्यात आल्या होत्या.

पुरुषांचा मेडिकल वॉर्ड माझ्याकडे होता. म्हणजे कागदावर विभागप्रमुखाकडे, पण त्यात कोण झोपलंय हे मला माहीत असायचं आणि त्याला नाही. वॉर्ड चालवायची ती हेडनर्स. पन्नाशीची काळी अमेरिकन बाई, ठेंगणी, भरलेल्या अंगाची, आवाज कधी न चढवणारी. ती याच गावची, तिचे आजे-पणजेही याच गावचे. एकदा बोर्डाच्या वकिलानं तिच्यासमोर आपल्या पूर्वजांच्या जहाजाची कथा लावली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “आमचेही लोक जहाजातूनच आले, सर. फक्त तिकीट दुसऱ्यांनी काढलं होतं.” वकील हसला. त्याला तो विनोद वाटला.

त्या सुमाराला नर्सेस एकेक करून सोडून जाऊ लागल्या होत्या. नदीपलीकडे पगार बरा, काम निम्मं. गेलेल्या नर्सच्या जागी नवी घ्यायची तर ॲडमिनिस्ट्रेटरची मंजुरी लागे. हा ॲडमिनिस्ट्रेटर आधी एका हॉटेलाचा मॅनेजर होता आणि शिवाय बोर्डाच्या अध्यक्षाचा मेहुणा. त्याला नेमताना यातली कोणती पात्रता पाहिली, हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. माणूस दिसायला रुबाबदार. हसायचा छान. हात हातात घेऊन विचारायचा, “हाऊ आर वी टुडे, डॉक्टर?” आणि उत्तर यायच्या आत पुढच्याचा हात धरायचा. त्यानं समोरच्या हॉलात जुन्या पद्धतीची लाकडी बाकं आणली, भिंतीला राजाच्या काळातलं चित्र लावलं, टेलिफोनवरच्या मुलींना झालरीच्या टोप्या घालायला लावल्या. हॉस्पिटल पाहून गाव कसं जुनं आणि खानदानी आहे हे कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. वरच्या मजल्यावर एक नर्स दोन वॉर्ड पळत सांभाळत होती, ते त्याच्या चित्रात कुठे बसत नव्हतं.

मी त्याच्याकडे गेले होते. एकदा नव्हे, पुष्कळदा.

“नर्सेस पाहिजेत,” मी म्हटलं.

“आपल्या सगळ्यांनाच पाहिजेत,” तो म्हणाला. जणू दोघं मिळून पाऊस पडायची वाट पाहतोय.

आमच्याच हॉस्पिटलात एक मराठी सर्जन होते. माझ्याच कॉलेजचे, मला बरेच सीनियर, म्हणून मी त्यांना सर म्हणायची. हात चांगला होता त्यांचा, हे मी आजही म्हणीन. पण गोरा माणूस समोर आला की सरांच्या कण्याला कुठेतरी बिजागरी लागायची. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसला होता. सरांनी हट्टानं ॲडमिनिस्ट्रेटरला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. शाल आणि नारळ ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणला. सरांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. तो त्यानं फुटबॉलसारखा काखेत धरला आणि भाषणात म्हणाला की आमचं हॉस्पिटल म्हणजे एक कुटुंब आहे. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली एक काकू म्हणाली, “किती साधा आहे नाही माणूस!”

मंडळात मला एकच प्रश्न विचारला जायचा. सरांची बायको तो दर वेळी मसालेभाताच्या रांगेत विचारायची. “अजून काउंटीतच का गं? प्रायव्हेट प्रॅक्टिस नाही सुरू केलीस?”

“नाही वहिनी.”

“तिथे म्हणे सगळे तसलेच पेशंट येतात.”

‘तसलेच’ म्हणजे कसले ते ती सांगत नसे आणि मी विचारत नसे. तिचा नवरा त्याच ‘तसल्यां’ची पोटं कापून मोठा झाला होता. घराला पोहायचा तलाव होता. मी पुढे सरकून कोशिंबीर वाढून घ्यायची.

मग इन्स्पेक्शन आलं. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेची माणसं अधूनमधून येऊन पाहणी करतात. मान्यता गेली तर सरकारी पैसा बंद. आधी कळवून येतात, म्हणजे पाहुण्यांसारखी. आम्हाला कळलं तेव्हा मी म्हटलं, चला, आता तरी नर्सेस घेतील. हेडनर्स माझ्याकडे बघून म्हणाली, “डॉक्टर, तुला किती वर्षं झाली या देशात?” इंग्रजीत ‘तू’ नाही हे मला ठाऊक आहे, पण ती मला ‘तू’च म्हणत होती याबद्दल मला शंका नाही.

नर्सेस आल्या नाहीत, रंगारी आले. जिने रंगवले, पडदे बदलले. वॉर्डाच्या दाराशी, खिडक्यांशी कुंड्या ठेवल्या. दाराशीच्या कुंड्यांना धडकून स्ट्रेचर अडायचं म्हणून आम्ही त्या बाजूला करायचो आणि ऑफिसातलं कुणीतरी येऊन परत जागच्या जागी ठेवायचं.

तपासणीच्या सकाळी मी वॉर्डात शिरले आणि क्षणभर मला वाटलं, मजला चुकला. वॉर्डभर नर्सेस होत्या. पांढरेशुभ्र ड्रेस, पांढरे बूट, डोक्यावर टोप्या. दर दोन-तीन खाटांमागे एक. सगळ्या उभ्या. कुणी काही करत नव्हतं, फक्त उभ्या. नर्स कधी अशी उभी राहत नाही. नर्सला उभं राहायला वेळ नसतो.

मग त्यातला एक चेहरा मी ओळखला. खालच्या बिलिंगच्या ऑफिसातली टायपिस्ट. वीस-बावीस वर्षांची, गोरी, केस लाल, नदीकाठच्या गिरणीकामगारांच्या वस्तीतली. माझे रिपोर्ट तीच टाइप करायची आणि माझे उच्चार तिला कळले नाहीत की जिना चढून विचारायला यायची. तिच्या पलीकडे टेलिफोनवरची. तिच्या पलीकडे कँटीनमध्ये गल्ल्यावर बसणारी.

“हे काय आहे?” मी हेडनर्सला विचारलं.

“स्टाफ,” ती म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. “आत्ताच आणून सोडला. मला सांगितलंय, त्यांना कशालाही हात लावू देऊ नकोस, फक्त हसायला सांग.”

टायपिस्ट माझ्याजवळ येऊन कुजबुजली, “डॉक्टर, मी काय करू?”

“कुणी सांगितलं तुला हे?”

“साहेबांनी. म्हणाले, एका सकाळचा प्रश्न आहे. नाही म्हणता येईना.”

मी तडक खाली जाणार होते. पण तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि मिरवणूकच आत आली. पुढे इन्स्पेक्टर, बहुधा सैन्यातून निवृत्त झालेला डॉक्टर, ताठ, पांढऱ्या मिशा. त्याच्या बाजूला ॲडमिनिस्ट्रेटर. मागे विभागप्रमुख, त्या दिवशी त्याचा वार नसूनही. आणि सगळ्यांच्या मागे आमचे सर, नवा टाय लावून. सरांचा या वॉर्डाशी काही संबंध नव्हता. पण अशा वेळी ते कुठूनही उगवत.

इन्स्पेक्टर खाटांमधून चालला. पडद्यांचं कापड बोटांत धरून पाहिलं. कुंड्यांचं कौतुक केलं. “स्टाफिंग फार समाधानकारक दिसतंय,” तो म्हणाला. ॲडमिनिस्ट्रेटरनं मान विनयानं झुकवली.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा होता. आयुष्यभर विटा रचण्याचं काम केलेला काळा गवंडी. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानं त्याला गिळायला त्रास व्हायचा. त्याला भरवताना कुणीतरी शेजारी बसावं लागे. कुणीतरी म्हणजे हेडनर्सच, कारण दुसरं कुणी नसायचं. त्या सकाळी ती मिरवणुकीबरोबर होती आणि त्याचा नाश्त्याचा ट्रे मात्र ठरल्याप्रमाणे त्याच्यासमोर येऊन पडला होता. त्यानं स्वतःच घास घेतला. तो घास आत गेला तो चुकीच्या वाटेनं.

त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला. छाती उडायला लागली, पण आवाज नाही. इन्स्पेक्टर त्याच्यापासून दोन हातांवर होता आणि अगदी जवळ उभी होती ती टायपिस्ट. इन्स्पेक्टर म्हातारा झाला तरी डॉक्टर होता. त्यानं क्षणात ओळखलं.

“नर्स! सक्शन!” तो ओरडला.

ती पाहत राहिली. भिंतीवर तिच्या डोक्यामागेच घशात अडकलेलं ओढून काढणारं सक्शनचं यंत्र होतं. तिला ते काय आहे हेच ठाऊक नव्हतं.

“सक्शन, नर्स! झोपलीस काय?”

तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती रडायला लागली.

तोपर्यंत मी पोचले होते. हेडनर्स माझ्याही आधी. ॲडमिनिस्ट्रेटरला तिनं खांद्यानं असं काही बाजूला केलं की तो कुंडीवर जाऊन बसला. तिनं म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, मी जबडा उघडून धरला, तिनं नळी घातली. काही क्षण नुसता यंत्राचा आवाज. मग घास निघाला, म्हाताऱ्यानं श्वास ओढला. तो श्वास अख्ख्या वॉर्डानं ऐकला. मग तो खोकला आणि खोकतच राहिला. खोकला इतका गोड कधी वाटला नव्हता मला.

इन्स्पेक्टर टायपिस्टकडे वळला. “किती दिवस झाले तुला नर्स होऊन?”

ॲडमिनिस्ट्रेटर कपडे झटकत उठला आणि म्हणाला, “ती नवीन आहे.”

मी इन्स्पेक्टरला सांगायला तोंड उघडलं. “सर, ती नर्सच—”

“ती फारच नवीन आहे,” आमचे सर्जनसाहेब मोठ्यानं म्हणाले आणि माझा दंड धरून मराठीत पुटपुटले, “अगं, गप्प बस. मान्यता गेली तर तू, मी, सगळे रस्त्यावर.”

इन्स्पेक्टरनं आमच्याकडे पाहिलं. मला आजही वाटतं, त्याला कळलं होतं. कळणार नाही असं काही नव्हतंच त्यात. तिच्या बोटाला टाइपरायटरच्या रिबनची शाई होती. पण जेवण हॉटेलात ठरलं होतं, वेळ झाली होती, आणि खरं कळलं तर माणसाला काहीतरी करावं लागतं. “अच्छा, नवीन,” तो म्हणाला आणि मंडळी जिन्याकडे गेली. मी मागोमाग जाऊन त्याला गाठलं आणि म्हटलं, “वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त मुली नर्स नाहीत.” तो फार सभ्यपणे म्हणाला, “डॉक्टर, तुमचा उच्चार मला नीट कळत नाही. लेखी द्या.” मी लेखी दिलं. त्याचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

हॉस्पिटल पास झालं. अहवालात हॉलच्या सजावटीबद्दल चार चांगले शब्द होते. त्रुटी एकच काढली होती. नव्या नर्सेसचं प्रशिक्षण कमी पडतं.

आणि मग त्या त्रुटीवर कारवाई झाली! हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसनी प्रशिक्षणाच्या वर्गाला बसायचं असा हुकूम निघाला. विषय, सक्शनचं यंत्र कसं वापरावं. ज्या बाईनं त्या म्हाताऱ्याला मरणाच्या दारातून ओढून काढलं, तिला वॉर्ड उघडा टाकून खाली बाकावर बसवण्यात आलं, आणि ते यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या एका पोरगेल्या सेल्समननं तिला बटण कुठे असतं ते दाखवलं.

ती वर आली तेव्हा मी एकटी आमच्या आणि शेजारच्या, दोन्ही वॉर्डांत औषधं वाटत होते. मला वाटलं, चिडेल. ती चिडली नव्हती. तिनं हात धुतले, पुसले आणि म्हणाली, “बोर्डाची सभा गुरुवारी आहे. नागरिकांना बोलता येतं. मी या गावची नागरिक आहे. तू येतेस का?”

मी येते म्हटलं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो इंजिनियर, शब्दांचा कंजूष माणूस. म्हणाला, “तुझं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी रिन्यू होतं ना?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “बरं. गाडी मी चालवतो.”

सरांना कुठून कळलं देव जाणे. त्यांचा फोन आला.

“तू नागपूरची आहेस, मीही नागपूरचा. म्हणून सांगतो. आपण पाहुणे आहोत इथे.”

“सर, पाहुण्यांना कुणी वॉर्ड झाडायला लावत नाही.”

“हे बघ, आपल्या माणसांचं नाव खराब होतं असल्यानं. त्या बाईचं ठीक आहे, तिचं गावच आहे.”

“मग चांगलंच आहे. मी तिच्या गावच्या पेशंटांबद्दलच बोलणार आहे.”

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर पुष्कळ दिवस वहिनी रांगेत माझ्या पुढच्या माणसाशी बोलायच्या.

सभा काउंटीच्या कचेरीत होती, संध्याकाळी. भिंतीवर केसांचे टोप घातलेल्या माणसांच्या तसबिरी, त्यांच्याखाली बोर्ड. पहिला विषय होता हॉस्पिटलच्या दारात जुन्या धाटणीचे दिव्यांचे खांब लावायचे की कसे. त्यावर इतकी जीव तोडून चर्चा झाली की मी थक्क झाले. खांब काळा असावा की गडद हिरवा? राजाच्या काळात कसा होता? बँकवाल्यानं पुस्तक आणलं होतं. अंत्यविधीवाला पहिल्यांदाच काही बोलताना मी ऐकला. तो हिरव्याच्या बाजूचा होता. गावच्या वर्तमानपत्राची एक बातमीदार बाई ते सगळं उतरवून घेत होती. ती दिव्यांसाठीच आली होती.

मग नागरिकांची पाळी आली. हेडनर्स उठली. इस्त्रीचा निळा ड्रेस, डोक्यावर रविवारी चर्चला जायची टोपी. तिनं झालेलं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही विशेषण न वापरता. तिच्यानंतर मी बोलले. माझ्यात तेवढा संयम नव्हता. मी म्हटलं, “सरकारी हॉस्पिटलात मनुष्यबळ कमी असणं मला नवीन नाही. मी तसल्याच हॉस्पिटलात शिकले. पण आमच्याकडे नर्स नसेल तर नसते. खोटी उभी करत नाहीत.” हे शंभर टक्के खरं होतं की नाही मला माहीत नाही, पण त्या क्षणी मला माझ्या देशाचा फार अभिमान वाटला.

ॲडमिनिस्ट्रेटर उठला, कोटाचं बटण लावलं. “त्या दिवशी वॉर्डात असलेली प्रत्येक व्यक्ती,” तो म्हणाला, “तिला दिलेल्या कामासाठी पूर्ण पात्र होती.”

“हो, होते मी,” मागून आवाज आला. “मला उभं राहायचं काम दिलं होतं.”

टायपिस्ट होती. आम्ही तिला बोलावलं नव्हतं. ती आईला घेऊन आली होती. आई गिरणीतून थेट आलेली दिसत होती. मुलीचा चेहरा केसांइतकाच लाल झाला होता.

“मी बिलिंगमध्ये टायपिस्ट आहे,” ती म्हणाली. “मला ड्रेस दिला आणि टोपी दिली आणि हस म्हणाले. माझ्यासमोर माणूस मरत होता आणि मला काही करता आलं नाही. तुम्ही सगळ्यांनी म्हटलं, ती नवीन आहे. मी नवीन नाही. मी नर्सच नाही.”

अध्यक्षानं चष्म्यावरून पाहिलं. “मिस, तुम्ही त्याच वेळी नकार का दिला नाही?”

“तुम्ही माझ्या साहेबांना आत्ता विचारताय का काही?” ती म्हणाली. “तुमचे तर ते मेहुणे आहेत. माझे साहेब आहेत.”

खोलीत कुणीतरी हसलं. तिची आई नव्हे. तिची आई बोर्डाकडे अशी बघत होती की बँकवाल्यानं दिव्यांचं पुस्तक मिटलं.

बातमीदार बाईनं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात दिव्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. पुढच्या आठवड्यात राज्याच्या आरोग्यखात्याची माणसं आली, न कळवता. त्यांनी पडदे पाहिले नाहीत. त्यांनी नर्सेस मोजल्या.

ॲडमिनिस्ट्रेटरनं प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. प्रकृती ठणठणीत होती. त्याला काउंटीच्या ऐतिहासिक वास्तूंच्या समितीवर घेतलं, आणि मला वाटतं, तिथे त्यानं चांगलं काम केलं असेल, कारण वास्तूंना नर्स लागत नाही. निरोपसमारंभात सरांनी भाषण केलं. पण त्याला महिनाही लोटला नसेल, तेच सर कँटीनमध्ये नव्या लोकांना सांगत होते, “मी पहिल्यापासून म्हणत होतो, हे नर्सेसचं काही खरं नाही.” मी शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी मला पाहिलं आणि सूप फुंकत राहिले.

टायपिस्टची नोकरी गेली. तिची जागाच रद्द झाली, असं तिला कळवलं. हेडनर्सनं ते ऐकलं, खाली गेली, नव्या ॲडमिनिस्ट्रेटरबाईंसमोर बसली. म्हणाली, “मला वॉर्डात एक क्लार्क पाहिजे. टाइप करता यावं आणि खोटं बोलता येऊ नये. अशी एक मला माहीत आहे.” पोरगी वर आली. गवंडी तोपर्यंत आमच्याकडेच होता. तिनं हेडनर्सकडून भरवायचं कसं ते शिकून घेतलं, आणि दुपारी काम संपलं की ती त्याच्याजवळ बसायची. तो तिला ‘न्यू गर्ल’ म्हणायचा. तिला त्याचा राग यायचा नाही.

माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. त्यात माझ्या धाडसाचं वगैरे कौतुक नव्हतं. त्या जागेवर यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, इतकंच.

नर्सेस आल्या. मनिलाहून, केरळातल्या कोट्टायमहून, दोन तर नदीपलीकडच्या खासगी हॉस्पिटलातून परत. वॉर्ड पुन्हा वॉर्डासारखा चालायला लागला. फार छान नाही, पण माणसांना वेळेवर पाणी मिळेल इतका.

पुढच्या हिवाळ्यात बोर्डाचा अध्यक्ष कोर्टासमोर बर्फावरून घसरला आणि पडता पडता त्याला अर्धांगाचा झटका आला. अँब्युलन्स जवळच्या हॉस्पिटलात नेते, ती आमच्याकडे आली. माझ्या वॉर्डात खाट रिकामी होती. हेडनर्सनं त्याचे बूट काढले, तोंड पुसलं, कुशीवर वळवलं. दोन नर्सेस सकाळभर त्याच्याजवळून हलल्या नाहीत. दुपारी त्याची जीभ जराशी सैल झाली. मी वाकून विचारलं, कसं वाटतंय. त्यानं डोळे फिरवून आजूबाजूच्या खाटा पाहिल्या, खाटांवरची माणसं पाहिली, मला पाहिलं. मोठ्या कष्टानं पहिला शब्द उच्चारला. त्याच्या बायकोला तो कळला नाही. मला कळला. तो नदीपलीकडच्या हॉस्पिटलचं नाव घेत होता.

“आत्ता हलवणं धोक्याचं आहे,” मी बायकोला सांगितलं. “एक दिवस थांबा.”

“तुम्ही फार काळजी घेतलीत,” ती म्हणाली. पर्स तिनं मांडीवरून खाली ठेवली नव्हती. “पण आमचे डॉक्टर तिकडे आहेत.”

हेडनर्सनं विरोध केला नाही. तिनं त्याचे केस विंचरले, ब्लँकेट नीट खोचलं, गिळायला त्रास होतो म्हणून काय काय जपायचं ते पलीकडच्या माणसांसाठी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. स्ट्रेचर लिफ्टपर्यंत स्वतः ढकलत नेलं. लिफ्टचं दार मिटलं.

“चादर बदला,” ती मागे न वळता म्हणाली.

खालून फोन आलाच होता. बस डेपोत कोसळलेला एक ड्रायव्हर होता, छातीत दुखत होतं. मी आणि ती त्याला घ्यायला निघालो.